पॅलेटवरची खडूची अक्षरं

बंगळूरजवळ होसकोट्याच्या त्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा पॅलेट म्हणजे काय हे आपल्याला चांगलं माहीत आहे असं मला वाटत होतं. पॅकेजिंगचं शिक्षण घेऊन मी नागपूरहून आले होते. मालाच्या खोक्यांखाली जो लाकडी पाट असतो ते पॅलेट. त्याच्या पोटात फोर्कलिफ्टचे काटे घालायचे आणि वरचा सगळा ढीग एकदम उचलायचा. यात शिकण्यासारखं आणखी काय असणार?

कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवून परदेशी पाठवायचा. त्यासाठी लागणारी पॅलेट्स तिथेच, मागच्या आवारातल्या एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये बनत. मी यायच्या जरा आधी एक घोटाळा झाला होता. दोन ट्रक भरून पॅलेट्स उलट्या मापाची झाली होती. पॅलेटचं माप सांगताना खालच्या जाड लाकडाची लांबी आधी सांगायची, वरच्या फळ्यांची नंतर, अशी रीत आहे. ऑफिसातल्या कुणीतरी ते उलटं लिहिलं, शेडमध्ये लिहिल्याप्रमाणे केलं आणि ती पॅलेट्स कंटेनरमध्ये नीट बसेनात. चौकशी केली तर असं निघालं की त्या खालच्या लाकडाला ड्रॉइंगवर एक नाव होतं, ऑफिसात दुसरं आणि शेडमधली माणसं आपापल्या भाषेत तिसरंच म्हणत होती. तेव्हा साहेबांनी मला सांगितलं, "तू एक तक्ता कर. प्रत्येक भागाला एकच शब्द, आणि तो सगळ्यांना कळला पाहिजे." माझं पहिलं काम ते.

मी वही घेऊन शेडमध्ये गेले. आठ माणसं काम करत होती आणि त्यांच्यावर एक मेस्त्री होते. साठीच्या जवळ आलेले, बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल. मी हिंदीत विचारत होते, ते हिंदीत सांगत होते आणि दोघांनाही ते जड जात होतं. मध्येच माझ्या आईचा फोन आला. मी बाजूला होऊन म्हणाले, "आत्ता काहून फोन केलास? कामात आहे मी." फोन ठेवून वळले तर मेस्त्री हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होते.

"मराठी काय गे तू?"

"हो. नागपूरची."

"मग एवढा वेळ हिंदीत कशाला तडफडायलीस? आणि काहून म्हणजे काय?"

"काहून म्हणजे का."

ते एवढे हसले की कानावरची पेन्सिल खाली पडली. ते खानापूरच्या बाजूचे. तिशीत बंगळूरला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, घराबाहेर सगळं कन्नड. "इथं शेडमध्ये मराठी बोलून मला वीस वर्षं झाली असतील बघ," ते म्हणाले. "चल, लिही. आता नीट सांगतो."

त्या दिवसापासून ते माझे मामा झाले. कारखान्यात सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, मी एकटी मामा म्हणायची.

त्यांनी मला पॅलेट शिकवलं. शिकवलं म्हणजे माझ्यासमोर एक पूर्ण पॅलेट सुटं केलं आणि परत जोडलं. काठावर उभी ठेवलेली तीन जाड लाकडं म्हणजे धावे. सगळा भार त्यांच्यावर. त्यांवर आडव्या ठोकलेल्या त्या वरच्या फळ्या, खाली ठोकलेल्या त्या खालच्या. धावे सलग असले तर काटे दोनच बाजूंनी आत जातात, म्हणून ते दुतर्फी. धाव्यांना खालून खाचा पाडल्या, किंवा धाव्यांच्या जागी ठोकळे घातले, की चारही बाजूंनी उचलता येतं, ते चौतर्फी. "पण खाच पाडलीस की लाकूड तिथंच फाटायला बघतंय," ते म्हणाले. "सोय केलीस की कुठंतरी ते नाजूक होणारच." खालच्या फळ्यांच्या कडा तिरप्या का तासायच्या, खिळे एका ओळीत का ठोकायचे नाहीत, पिळाचा खिळा साध्या खिळ्यापेक्षा का धरून ठेवतो, हे सगळं त्यांनी दाखवलं. सगळ्यात बाहेरच्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "ही कडेची फळी. फोर्कलिफ्टवाला डुलकी घेत आला की पहिला मार हिला. म्हणून हिला चांगलं लाकूड घालायचं. गाठ नसलेलं."

तक्ता झाला. इंग्रजी, कन्नड, हिंदी. मराठीची गरज नव्हती, पण मामांनी हट्ट केला म्हणून शेवटी एक मराठीचा रकानाही घातला. साहेबांनी विचारलं, हा कुणासाठी? मी म्हटलं, जागा उरली होती.

मी होसकोट्यातच एका पीजीत राहायचे. रोज भात, सांबार, आणि आठवड्यातून दोनदा रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे. मामांच्या हे लक्षात आल्यावर त्यांच्या डब्यात एक भाकरी जास्त यायला लागली. ज्वारीची, त्यावर लसूण घातलेला मिरचीचा खर्डा. "मामीनं दिलंय. उरलं तर परत आणू नको म्हणून सांगितलंय." पुढे मी त्यांच्या घरीही जायला लागले. दोन खोल्यांचं घर, दारात कढीपत्त्याचं झाड. मुलगी लग्न होऊन हुबळीला. मामी माझ्या केसांना तेल लावायच्या आणि मामा समोर बसून माझं वऱ्हाडी बोलणं दुरुस्त करायचे, जसं काही त्यांचं मराठी पुस्तकातलंच होतं. मी म्हणायची, "तुमचं हे 'करायलीस, जायलीस' कोणत्या पुस्तकात आहे?" ते म्हणायचे, "आमच्याकडं पुस्तकं नाहीत गे, माणसं आहेत."

घरापासून एवढ्या लांब मला कुणीतरी 'गे' म्हणतं, ह्याचा मला त्या वर्षात केवढा आधार होता, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी परदेशातून तक्रारी यायला लागल्या. पॅलेट पोहोचताना मोडतं, फळी सुटते, खिळा वर येऊन खोकं फाडतो. साहेबांनी मला सांगितलं, पॅलेट्स कशामुळे मोडतात ते शोध. मी मामांना सांगितलं. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी मोडलेली पॅलेट्स फेकायची बंद केली. गोदामातून परत आलेलं, उचलताना तुटलेलं, ढिगात दबून चिरलेलं, सगळं शेडच्या एका भिंतीला लावून ठेवायचे. आणि प्रत्येकावर पांढऱ्या खडूनं कारण लिहायचे. मराठीत. शेडमध्ये ते वाचू शकणारी मी एकटीच होते, त्यामुळे ते कुणासाठी लिहीत होते ते उघडच होतं.

'लाकूड ओलं होतं.' 'खिळा काठाला ठोकला, फळी फाटली.' 'खाचेत चीर.' 'फोर्कलिफ्टवाल्याची चूक, आमची नाही.' आणि एका पॅलेटवर, 'माझी चूक. गाठ बघितली नाही.'

मी रोज सकाळी चहाच्या वेळी जाऊन त्या पॅलेट्सचे फोटो काढायचे. त्यांनी काहीही लपवलं नाही. त्यांना वाटत होतं, पिळाचे खिळे येतील, लाकूड वाळवायला जास्त दिवस मिळतील. मलाही तसंच वाटत होतं.

मग एका दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. प्लास्टिकच्या पॅलेट्सचं माहितीपत्रक टेबलावर होतं. ते म्हणाले, "लाकूड बंद करायचं ठरतंय. प्लास्टिकला ओल नाही, खिळे नाहीत, परदेशी पाठवताना कीड मारायला भट्टीत तापवून शिक्का मारायची भानगड नाही. तुझा अभ्यास वरच्या लोकांना दाखवायला उपयोगी पडेल. आणखी तीन आठवडे फोटो घेत राहा. पण शेडमध्ये इतक्यात बोलू नकोस, उगाच काम थांबेल."

"शेडमधल्या लोकांचं काय?" मी विचारलं.

"ते कंत्राटाचे आहेत. कंत्राटदार बघेल."

मी 'हो सर' म्हणाले. दुसरं काही म्हणाले असते तर काय झालं असतं, हे मी नंतर हजार वेळा मनात घोळवलंय. बहुधा काहीच वेगळं झालं नसतं. साहेबांनी दुसऱ्या कुणाकडून फोटो काढून घेतले असते आणि प्लास्टिक आलंच असतं. पण प्रश्न प्लास्टिकचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. भिंतीला तीन नवी मोडकी पॅलेट्स. मी मोबाइल काढला. मामा चहाचा कप घेऊन जवळ आले.

"कागदात काय काय लिहिलंस गे आतापर्यंत?"

हा प्रश्न ते अधूनमधून विचारायचेच. त्यात काही खोच नव्हती. मी फोटो काढता काढता, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "खिळ्यांचं लिहिलंय मामा. पिळाचे खिळे मागवायला सांगितलंय."

ते क्षणभर थांबले. "बरं," म्हणाले, आणि कप ठेवून कामाला लागले.

पुढचे तीन आठवडे मी रोज गेले. रोज भिंतीला पॅलेट्स होती, रोज त्यांवर खडूनं लिहिलेलं होतं, रोज मामा चहाचा कप घेऊन शेजारी उभे असत. भाकरी येत होती. रविवारी घरी ये म्हणाले तर मी डोकं दुखतंय म्हणून टाळलं. सांगायचं राहून जातंय असं मी स्वतःला समजावत होते. उद्या सांगू, बैठकीच्या आधी सांगू, साहेबांनी जाहीर केलं की मग नीट बसून सांगू. मी भित्री आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

बैठकीला वरचे तीन अधिकारी आले होते. मी बोलत होते आणि पडद्यावर फोटो सरकत होते. मध्येच त्यातल्या एकाला काही प्रश्न पडला तेव्हा साहेब म्हणाले, "मेस्त्रीलाच बोलवा ना, तो सांगेल." मी काही बोलायच्या आत शिपाई गेलासुद्धा.

मामा आले. अंगावर भुसा, दाराशी चपला काढलेल्या. त्या थंड खोलीत ते भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्ची कुणी दिली नाही, मीही दिली नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं, लाकडी पॅलेट्स का बंद करावीत. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. पण त्याखाली एकापुढे एक चार फोटो होते, आणि त्यांवर त्यांचं अक्षर होतं.

एका अधिकाऱ्यानं शेवटच्या फोटोकडे बोट दाखवून मला विचारलं, "ये क्या लिखा है?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. पुढची स्लाइड आणावी म्हणून बटण दाबलं, पण ती येईना. खोलीत सगळे थांबले होते.

"मेरी गलती, लिखा है साब," मामा म्हणाले. "गाँठ नहीं देखा."

अधिकाऱ्यानं मान डोलावली. "देखिए, खुद मान रहा है," असं काहीतरी तो साहेबांना म्हणाला आणि दोघं हसले, वाईट हेतूनं नाही, सहजच. मग साहेबांनी मामांना हिंदीत सगळं सांगितलं. महिनाभरात शेड बंद होईल, कंत्राटदाराशी बोलणं झालंय, तुमचं काम चांगलं होतं. मामांनी ऐकून घेतलं. "ठीक है साब," म्हणाले, आणि गेले. त्या संपूर्ण वेळात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी शेडमध्ये धावत गेले. ते अवजारं पुसून पेटीत ठेवत होते, रंधा, पटाशी, खिळे उपटायची पहार.

"मामा, मी सांगणार होते."

ते उठून उभे राहिले. उठून उभे राहिले, ह्याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते.

"हेळी मॅडम," ते म्हणाले.

कन्नडमध्ये 'सांगा, मॅडम'. दीड वर्षात मला तेवढं कन्नड येत होतं. साहेबांशी, कंत्राटदाराशी, गेटवरच्या माणसाशी ते असंच बोलत. मला वाटलं, रागात आहेत. मी मराठीत बोलत राहिले, रडत रडत, काय बोलले तेही आता आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "सरी मॅडम. बिडी." ठीक आहे मॅडम, सोडून द्या.

तो महिनाभर ते रोज कामावर आले. उरलेल्या लाकडाची पॅलेट्स त्यांनी नेहमीसारखीच पुरी केली. माझ्याशी जे काही बोलायचं ते कन्नडमध्ये, मानानं, अगदी नीट. कुठे टोमणा नाही, आवाज चढवणं नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मराठीतल्या म्हणून तरी घेतल्या असत्या.

शेवटच्या दिवशी आठही माणसांनी शेड झाडून काढलं. ओडिशाची दोन पोरं गावी परत गेली, बाकीचे इकडे तिकडे लागले. मामा होसकोट्याच्याच बाहेर, भाज्यांच्या पेट्या बनवणाऱ्या एका वखारीत कामाला जायला लागले, असं गेटवरच्या माणसानं मला सांगितलं. आठवड्याभरात शेडमध्ये निळी प्लास्टिकची पॅलेट्स रचली गेली. ती चांगली आहेत. मोडत नाहीत. माझा अहवाल बरोबर होता, आणि त्याबद्दल मला बढतीही मिळाली.

चार महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार मामींनी उघडलं. त्यांनी मला बघितलं, त्यांचा हात माझ्या गालाकडे आला आणि मध्येच थांबला. "ये," म्हणाल्या. आत मामा पेपर वाचत बसले होते. मला बघून त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"बन्नी मॅडम, कुतकोळी." या, बसा.

मी बसले. मी ठरवून आले होते, रडायचं नाही. मी म्हणाले, "मामा, तुम्ही मला विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले. ते मी तोंडानं कबूल करायला आले आहे. माफ करा असं म्हणायची माझी लायकी नाही."

मला वाटलं, आता मामा मराठीत बोलतील. त्यांचे ओठही हलले. मग ते आतल्या खोलीकडे तोंड करून मामींना म्हणाले, मराठीत, त्यांच्या त्या ओळखीच्या सुरात, "चहा टाक गे. बाहेरची माणसं आलीत."

चहा मी कसा प्याले मला माहीत नाही. गरम होता, एवढंच आठवतं.

मामी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. थांब्यावर उभ्या राहिल्यावर म्हणाल्या, "काम गेलं त्याचं त्यांना काही नाही. काम जातंय, येतंय. तू खोटं बोललीस ना, ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं."

"त्याच दिवशी? बैठकीच्या आधी?"

"होय की. घरी येऊन म्हणाले, पोरगी माझ्याकडं न बघता बोलली. काहीतरी आहे म्हणून. कंत्राटदाराकडं विचारलं, त्यानं सांगितलं, शेड बंद होणार आहे म्हणून."

मी थांब्याच्या लोखंडी नळीला धरलं. "मग मामी, त्यानंतर तीन आठवडे ते रोज का लिहीत होते? सगळं खरं खरं? ते लिहिलं नसतं तर..."

"मीही तेच विचारलं. मी तर भांडले त्यांच्याशी. म्हटलं, एवढं कळूनही तिला का देताय? तर म्हणाले, मोडलंय ते मोडलंय म्हणून लिहायचं नाही तर काय. आणि म्हणाले, ती सांगंल. रोज तू यायच्या वेळी चहा घेऊन तिथं उभं राहायचे ना? आज सांगंल, उद्या सांगंल म्हणून उभं राहायचे."

बस आली. मामींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, ढकलल्यासारखा की थोपटल्यासारखा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली आणि बंगळूरच्याच इलेक्ट्रॉनिक सिटीत दुसरी धरली. इथे कंपनीत मराठी माणसं भरपूर आहेत, पुण्याची, मुंबईची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकत्र बसतो, गप्पा मारतो, गणपतीला वर्गणी काढतो. मला मराठी बोलायला माणसांची कमी नाही.

मामींना मी सणासुदीला फोन करते. त्या बोलतात. मुलीकडचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात, माझं लग्न ठरलं का विचारतात. मागे मामांचा आवाज असतो, कधी पाणी मागणारा, कधी नातवाशी बोलणारा. तो आवाज ऐकायला मी फोन लांबवते, नसलेले विषय काढते. त्यांना द्या असं मी कधी म्हणत नाही. देऊ का, असं मामीही कधी विचारत नाहीत.